गुडघ्याची शीर : तरुणांतील मज्जातंतुजन्य गुडघेदुखी, तिची भाषा आणि हस्तोपचार

‘शीर’ हा शब्द मराठी माणूस ज्या सैलपणे वापरतो, तो सैलपणा शरीरशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रथमदर्शनी अडाणीपणाचा वाटतो. मनगटावर निळसर दिसते ती शीर. डॉक्टर सुई टोचण्यासाठी शोधतो ती शीर. रात्री पोटरीत गोळा आला म्हणजे ‘चढते’ तीही शीर. मानेत ताठ होऊन हाताला लागते ती शीर. आणि कमरेपासून पायापर्यंत कळ गेली म्हणजे ‘दबलेली’ असते तीही शीरच. रक्तवाहिनी, स्नायूचा पेटका, कंडरा आणि मज्जातंतू या चार भिन्न गोष्टींना एकाच शब्दाने संबोधणारी भाषा रोग्याच्या आणि वैद्याच्या काय उपयोगी पडणार, असा प्रश्न सहज मनात येतो.

तथापि हा सैलपणा एकट्या मराठीचा नव्हे. इंग्रजीतील ‘नर्व्ह’ ज्या लॅटिन ‘नेर्व्हुस’वरून आला त्याचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असा आहे. ग्रीक ‘नेउरॉन’ही तसाच. हिपोक्रॅटिसच्या परंपरेतील ग्रंथांत हा शब्द कंडरा व सांध्याचे बंध यांनाही लागतो. कंडरा आणि मज्जातंतू या वस्तू वेगळ्या आहेत हे स्पष्ट झाले ते इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील हेरॉफिलस व एरासिस्ट्रेटस यांच्या शवविच्छेदनांनंतर. याच कुळातील संस्कृत शब्द म्हणजे ‘स्नावन्’ आणि ‘स्नायु’. सुश्रुताच्या गणनेत शरीरात ७०० सिरा, २४ धमन्या आणि ९०० स्नायू आहेत. तेथील स्नायू म्हणजे सांध्यांना बांधून ठेवणारे बंध. आजच्या मराठीत मात्र ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. म्हणजे एकाच प्राचीन धातूपासून निघालेला शब्द युरोपात मज्जातंतूकडे वळला आणि महाराष्ट्रात मांसाकडे. मज्जातंतूसाठी मग नवे शब्द घडवावे लागले : जुन्या पिढीचा ‘मज्जातंतू’, शालेय पुस्तकांतील ‘चेता’, विश्वकोशातील ‘तंत्रिका’. तिन्ही पुस्तकी राहिले. रोगी आजही ‘शीर’ किंवा ‘नस’ म्हणतो, आणि ‘मज्जातंतू’ या शब्दातील मज्जेचा त्या तंतूशी संबंध काय, हे अभ्यासकासही चटकन सांगता येत नाही.

या शब्दचर्चेचे प्रयोजन केवळ व्युत्पत्तीचे नाही. तरुण, खेळत्या वयातील मुलामुलींच्या गुडघेदुखीचा एक लहानसा वर्ग असा आहे, की ज्याचे मूळ सांध्यात नसून मज्जातंतूत असते. क्ष-किरणांत तो दिसत नाही. बहुधा चुंबकीय चित्रणातही दिसत नाही. तो प्रथम प्रकट होतो तो रोग्याच्या वाक्यात. ते वाक्य नीट ऐकले गेले नाही तर पुढील सर्व उपचार सांध्यावर होत राहतो आणि महिने वाया जातात. क्वचित महिन्यांहून मोठे नुकसान होते. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रथम प्रमाण लक्षात घेतले पाहिजे. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या तरुणाचा गुडघा दुखत असेल तर त्याचे कारण बहुधा वाटीच्या मागे व भोवती असते. वाढत्या वयाच्या मुलांत वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर येणारी, १९०३ मध्ये ऑस्गुड व श्लाटर यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेली व्याधीही नेहमीची आहे. या दुखण्यांत मज्जातंतूला दोष देण्याचे कारण नाही. वाटीच्या दुखण्यावर खुब्याच्या व गुडघ्याच्या स्नायूंचे व्यायाम हाच मुख्य उपाय होय, आणि नुसता हस्तोपचार पुरेसा नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकन भौतिकोपचार-मार्गदर्शिका स्पष्ट सांगते. मज्जातंतूचा संशय घ्यावयाचा तो उरलेल्या थोड्या रोग्यांत. परंतु त्यांत तो घेतलाच पाहिजे.

गुडघ्याजवळून जाणाऱ्या तंतूंपैकी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ‘सॅफेनस’ हा होय. (त्याच्या नावाचे मूळ ग्रीक की अरबी, याविषयी कोशकारांत एकमत नाही.) कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मज्जामूलांपासून निघणाऱ्या फेमोरल मज्जातंतूची ही लांब शाखा मांडीच्या आतल्या बाजूने, मोठ्या रोहिणीच्या सोबतीने, स्नायूंमधील एका अरुंद बोगद्यातून खाली येते. १७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर याने याच बोगद्यात रोहिणी बांधून गुडघ्यामागील फुगवट्यावर शस्त्रक्रिया केली, म्हणून त्यास हंटरचा मार्ग म्हणतात. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या कठीण पडद्यातून हा तंतू बाहेर पडतो आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला त्याची एक फांदी वाटीच्या खालून पुढे वळते. मुख्य तंतू नडगीच्या आतल्या बाजूने पावलापर्यंत उतरतो. त्याचे काम फक्त संवेदनेचे. तो कोणताही स्नायू हलवीत नाही; त्यामुळे तो दुखावला तरी पायाची शक्ती शाबूत राहते आणि तपासणाऱ्याला ‘काही नाही’ असे वाटते. वाटीखालची फांदी तर त्वचेच्या इतकी लगत आहे, की गुडघ्यावर आपटल्याने, किंवा गुडघ्यातील तुटलेला बंध नव्याने बसविण्याच्या शस्त्रक्रियेतील छेदाने, ती सहज दुखावते.

दुसरा तंतू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून जातो. तो तेथे कातडीखाली लगेच असतो. बोटाने चाचपता येतो. दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांत, पायावर पाय टाकून बसण्याची सवय असणाऱ्यांत तो दाबला जातो, आणि तो बळावला तर पाऊल उचलता येईनासे होते. तिसरी शक्यता गुडघ्याबाहेरची : दोष कमरेत किंवा खुब्यात, आणि वेदना मात्र गुडघ्यावर. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हिल्टन याने १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांत एक नियम सांगितला : सांध्याला पुरवठा करणारा तंतूच त्या सांध्याला हलविणाऱ्या स्नायूंना आणि त्यावरील त्वचेला पुरवठा करतो. खुबा व गुडघा यांना पुरवठा करणारे तंतू बऱ्याच अंशी सामाईक असल्याने एकाचे दुखणे दुसऱ्याच्या पत्त्यावर पोहोचते.

आता रोग्याच्या वाक्याकडे वळावयास हरकत नाही. वेदनेच्या शब्दांचा पद्धतशीर अभ्यास कॅनडात सुरू झाला. रोनल्ड मेल्झॅक व वॉरन टॉर्गरसन यांनी १९७१ मध्ये वेदना वर्णन करणारे १०२ इंग्रजी शब्द गोळा करून त्यांची वर्गवारी केली. त्यातूनच १९७५ मध्ये मॅक्‌गिल विद्यापीठाची प्रश्नावली तयार झाली. तीत ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. पुढे केवळ मज्जातंतुजन्य वेदना ओळखण्यासाठी छोट्या प्रश्नावल्या निघाल्या. त्यांपैकी २००५ साली फ्रान्समध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. आग, बोचरा गारवा, विजेचा धक्का, बधिरपणा, खाज अशा गोष्टी ती विचारते आणि चार उत्तरे होकारार्थी आल्यास मज्जातंतूचा संशय घ्यावा असे सांगते.

या प्रश्नावलीच्या भाषांतरात एक गमतीची गोष्ट घडली आहे. मूळ फ्रेंच शब्द ‘फुर्मीमां’ हा ‘फुर्मी’ म्हणजे मुंगी या शब्दापासून झाला आहे. इंग्रजीत जाताना त्याचा ‘टिंगलिंग’ झाला आणि मुंग्या नाहीशा झाल्या. मराठी भाषांतरकार इंग्रजीवरून भाषांतर करतो, तेव्हा ‘टिंगलिंग’ आणि त्याशेजारील ‘टाचण्या-सुया’ या दोहोंत फरक कसा दाखवावा म्हणून तो अडतो, आणि दोन्हींसाठी ‘झिणझिण्या’ लिहून मोकळा होतो. फ्रेंचवरून भाषांतर केले असते तर अडचणच नव्हती : पहिल्यासाठी ‘मुंग्या येणे’, दुसऱ्यासाठी ‘टोचल्यासारखे होणे’. मुंग्यांची ही प्रतिमा वैद्यकात नवी नाही. १९१५ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, फ्रेंच वैद्य ज्यूल टिनेल आणि जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाउल होफमान या परस्परांच्या शत्रुराष्ट्रांतील दोघांनी जखमी सैनिकांत एकच खूण स्वतंत्रपणे पाहिली. दुखावलेल्या तंतूवर बोटाने ठोकले असता त्या तंतूच्या पुढील प्रदेशात मुंग्या उमटतात. टिनेलने तिला नाव दिले ते ‘मुंग्यांची खूण’ असेच. आजही भौतिकोपचारतज्ज्ञ गुडघ्याच्या आतल्या बाजूस बोटाने ठोकतो, तेव्हा तो त्या मुंग्यांनाच शोधत असतो.

मराठीत वेदनेची शब्दसंपत्ती मोठी आहे. परंतु शब्दांपेक्षाही त्यांचे व्याकरण अधिक बोलके आहे. ‘गुडघा दुखतो’ या वाक्यात गुडघा हाच कर्ता; वेदना त्याच्यापासून वेगळी नाही. ‘गुडघ्यात कळ येते’, ‘चमक निघते’, ‘सणक पायात उतरते’ या वाक्यांत वेदना स्वतः कर्ती झाली आहे आणि तिला गती आहे. ती कोठून तरी निघते आणि कोठे तरी जाते. ‘पायाला मुंग्या येतात’ यात तर कर्ता नेहमी बहुवचनी, आणि अवयव ‘ला’ प्रत्यय घेऊन नुसता सोसणारा. द्विरुक्त धातूंचा गट निराळाच : ठसठसणे, भगभगणे, चुरचुरणे, चरचरणे. त्यांतही ‘ठसठस’ बहुधा सूज, गळू, दात यांना लागते, तर ‘चरचर’ आणि ‘चुरचुर’ कातडीच्या पृष्ठभागावरील वेदनेला. प्रत्ययही पाहावेत. ‘गुडघ्यात’ दुखते असे म्हणणारा आणि ‘गुडघ्यावर’ चरचरते असे म्हणणारा हे दोघे एकच गोष्ट सांगत नसतात. त्वचेच्या तंतूची वेदना ‘वर’ असते, सांध्याची ‘आत’. हा भेद म्हणजे निदान नव्हे; तो पुढचा प्रश्न कोणता विचारावा हे सुचवितो. पण रुग्णपत्रिकेवर इंग्रजीत ‘नी पेन’ असे दोनच शब्द उतरतात, तेव्हा कर्ता, क्रियापद आणि प्रत्यय ही तिन्ही गळून पडतात.

समजा, सतरा वर्षांची एक कबड्डीपटू भौतिकोपचारतज्ज्ञाकडे आली आहे. तीन महिन्यांपूर्वी पकडीतून सुटताना ती गुडघ्याच्या आतल्या बाजूवर आपटली. सूज आठवड्यात उतरली, छायाचित्र निर्दोष निघाले, सांगितलेले व्यायाम तिने इमानाने केले, आणि तरीही ती मैदानावर परतू शकलेली नाही.

‘काय होतं तुला?’

‘गुडघा दुखतो, मॅडम.’

‘आत दुखतो की वर?’

मुलगी थोडी थांबते. वाटीच्या खाली, आतल्या बाजूला तळहात फिरविते. ‘वर. पँट घासली तरी चरचरतं. आणि गुडघा टेकला की इथून खाली सणक जाते. शीर धरल्यासारखी.’

या चार वाक्यांत तपासणीचा आराखडा आला आहे. ‘वर’, ‘घासली तरी’, ‘खाली जाते’ : पृष्ठभाग, हलक्या स्पर्शाने होणारी वेदना, आणि तंतूच्या मार्गाने प्रवास. तिचा ‘शीर’ हा शब्दही येथे चुकीचा नाही. मग तपासनीस कापसाच्या बोळ्याने दोन्ही गुडघ्यांवरील स्पर्श ताडून पाहते, बोथट सुईने तेच करते, वाटीखालच्या फांदीवर आणि हंटरच्या मार्गाच्या तोंडावर बोटाने ठोकते. गुडघ्याच्या आतल्या बाजूस हाताच्या पंजाएवढा पट्टा काहीसा बधिर आणि तरीही स्पर्शाला असह्य, हे परस्परविरोधी वाटणारे मिश्रण मज्जातंतूच्या दुखण्यात नेहमी आढळते.

यानंतरची परीक्षा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ओळखीची वाटेल. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत बाकी सर्व सारखे ठेवून एकच ध्वनी बदलला असता अर्थ बदलतो, म्हणून क आणि ग हे मराठीत स्वतंत्र वर्ण ठरतात. लघुतम युग्माची ही युक्ती हस्तोपचारतज्ज्ञ शरीरावर वापरतो. मुलीला पालथे झोपवून, गुडघा सरळ ठेवून, मांडी किंचित मागे व बाहेर घ्यावयाची आणि पाऊल बाहेरच्या बाजूस वळवावयाचे. तिची नेमकी तीच सणक उमटली, की गुडघा व मांडी जागच्या जागी धरून फक्त पाऊल सैल सोडावयाचे. गुडघ्याच्या सांध्यात तिळभरही बदल झालेला नाही. बदल झाला तो फक्त पावलापर्यंत गेलेल्या तंतूच्या ताणात. सणक कमी झाली तर संशय सांध्यावरून तंतूवर सरकतो. बसून, पाठ वाकवून, मान खाली घालून, गुडघा सरळ करावयाची जी परीक्षा ॲडलेडच्या जेफ्री मेटलँड यांनी १९७९ साली प्रचारात आणली तिचेही तत्त्व हेच. तेथे बदलावयाचा ध्वनी म्हणजे मान. मान वर केल्याने गुडघ्यामागील ताण हलका झाला, तर गुडघ्यामागील स्नायूला दोष देता येत नाही. स्नायू मानेपर्यंत गेलेला नसतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि उत्साही नवशिके तीच विसरतात. निरोगी तरुणालाही या परीक्षांत ताण जाणवतो. नुसता ताण जाणवला म्हणून परीक्षा ‘सापडली’ असे म्हणता येत नाही. रोग्याची स्वतःची तक्रार, त्याच्याच शब्दांत, पुन्हा उमटली पाहिजे; दुसऱ्या पायाहून वेगळे उत्तर आले पाहिजे; आणि दूरच्या अवयवाच्या हालचालीने ते बदलले पाहिजे.

तंतूला हाताने काही करता येते ही कल्पना बरीच जुनी आहे, आणि तिचा आरंभ काहीसा भीषण आहे. १८७० नंतरच्या दशकात युरोपातील शस्त्रवैद्य असाध्य वेदनेवर तंतू उघडा करून तो बोटांनी किंवा आकड्याने प्रत्यक्ष ओढीत. लंडनच्या जॉन मार्शल यांचे १८८३ मधील व्याख्यान याच विषयावर होते. ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. परंतु तंतू ही निश्चल तार नसून शरीराबरोबर सरकणारी, लांबणारी वस्तू आहे ही जाणीव राहिली. १९६० मध्ये स्वीडनचे आल्फ ब्रेग यांनी पाठीच्या हालचालींबरोबर मज्जारज्जू कसा ताणला व सैल होतो हे शवांवर दाखविले. पुढे ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञांनी त्यावरून उपचार उभारला. डेव्हिड बटलर यांचे पुस्तक १९९१ चे. ‘न्यूरोडायनॅमिक्स’ या नावाखाली तंतूचे यांत्रिक व शरीरक्रियात्मक असे दोन्ही गुणधर्म एकत्र मांडणारा मायकेल शॅकलॉक यांचा लेख १९९५ चा.

दोन्ही गुणधर्म एकत्र का मांडावयाचे, हे स्वीडनमधील लुंडबोर्ग व रायडेविक यांच्या १९७३ मधील प्रयोगाने कळते. त्यांनी सशाच्या पायातील तंतू ताणला. मूळ लांबीच्या सुमारे ८ टक्के ताणल्यावर त्यातील रक्ताचा परतीचा प्रवाह मंदावू लागला आणि सुमारे १५ टक्क्यांवर रक्तप्रवाह पूर्ण थांबला. तंतू तुटण्यापूर्वी कितीतरी आधी तो उपाशी राहतो. म्हणून ‘शीर आखडली आहे, ताणून मोकळी करू’ हा आखाड्यातील, जिममधील आणि काही उपचारकेंद्रांतीलही सरधोपट विचार चुकीचा आहे. चिडलेल्या तंतूला ताण नको असतो. त्याला हालचाल हवी असते.

या दोहोंचा मेळ घालणारी युक्ती म्हणजे सरकविणे. तंतूच्या एका टोकाकडील सांधा ताणाच्या दिशेने नेताना दुसऱ्या टोकाकडील सांधा त्याच वेळी सैल सोडावयाचा, मग उलट. मलमलीच्या नाडीची दोन्ही टोके एकदम न ओढता ती नेफ्यातून मागेपुढे करावी, तसे. कॉपिएटर्स व बटलर यांनी २००८ मध्ये शवाच्या हातातील तंतूवर मोजून दाखविले, की अशा रीतीने तंतू अधिक सरकतो आणि त्यावरील ताण मात्र दोन्ही टोके ओढण्याच्या तुलनेने पुष्कळ कमी पडतो. वरील मुलीच्या बाबतीत मांडी मागे जाईल तेव्हा पाऊल सैल, पाऊल बाहेर वळेल तेव्हा मांडी पुढे, अशी संथ हालचाल, सणक उमटण्याच्या अलीकडे थांबून, दहाबारा वेळा करावयाची. हालचालीनंतर चरचर रेंगाळली तर मात्रा जास्त झाली असे समजावे. तंतू ज्या ठिकाणी अडतो त्या जागेचाही विचार करावयाचा असतो : मांडीच्या आतल्या स्नायूंतील घट्टपणा हलक्या हाताने कमी करणे, जुन्या व्रणाची त्वचा खालच्या थरांवर सरकेल अशी करणे, बाहेरच्या तंतूचे दुखणे असेल तर बारीक हाडाच्या वरच्या सांध्याला चालना देणे. दुखऱ्या तंतूवर अंगठ्याने जोराने चोळणे हा यातील भाग नाही. मालिशवाल्याचा ‘गाठ फोडण्याचा’ आग्रह येथे अपाय करतो.

हाताचे काम एवढेच. उरलेले काम रोग्याचे : काही आठवडे गुडघे टेकणे टाळणे किंवा जाड गादी वापरणे, घट्ट गुडघापट्टी काढून ठेवणे (ती आधार देते असे वाटते, पण वाटीखालच्या फांदीवर दाब आणते), आणि मैदानावर टप्प्याटप्प्याने परतणे. व्यायाम पूर्ण बंद करावयाचा नसतो.

या उपचाराचे प्रामाण्य किती? कटिजन्य व मानेतून हातात जाणाऱ्या मज्जातंतुजन्य वेदनांत तंतू सरकविण्याचा फायदा होतो, असे २०१७ मध्ये बॅसन व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांच्या आढाव्यातून निघाले. तरुणांच्या गुडघ्याविषयी बोलताना तो निष्कर्ष ओढून आणावा लागतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पाठीसाठी सिद्ध झालेले ते गुडघ्यासाठी आपोआप सिद्ध होत नाही, जसे कोकणीत सापडलेले ध्वनिपरिवर्तन वऱ्हाडीत गृहीत धरता येत नाही. म्हणून हा उपचार मुदतीचा असावा. चारसहा आठवड्यांत रोग्याचे वाक्य बदलले नाही, तर निदानाकडे परत जावयाचे. तंतूभोवती भूल देणारे औषध टोचून वेदना तात्पुरती थांबते का, हे पाहणे हा पुढचा मार्ग असतो आणि तो वैद्याचा आहे.

हात लावण्यापूर्वीच ज्या गोष्टी वगळल्या पाहिजेत त्यांत पहिली खुब्याची. दहा ते सोळा वर्षांच्या वयात मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या रेषेवर घसरण्याची एक व्याधी होते. त्यात काही मुले खुब्याविषयी एक शब्दही बोलत नाहीत. ती म्हणतात, ‘गुडघा दुखतो.’ ती लंगडतात, पाऊल बाहेरच्या बाजूस वळवून चालतात, आणि उताणे झोपवून मांडी आत वळविली तर ती वळत नाही. अशा मुलाच्या गुडघ्याला महिनाभर मालीश होत राहिले तर घसरलेले डोके अधिक घसरते, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि पोराचा खुबा जन्माचा जातो. दुसरी गोष्ट हाडातील गाठीची. पौगंडावस्थेतील हाडाचा कर्करोग गुडघ्यालगतच्या हाडांतच सर्वांत अधिक आढळतो. रात्री झोपेतून उठविणारी, विश्रांतीनेही न थांबणारी, वाढत जाणारी वेदना आणि सूज असेल तर तेथे मज्जातंतूची चर्चाच संपते. पाऊल उचलता न येणे, दोन्ही पायांत बधिरपणा, लघवीवरील ताबा जाणे, ताप या खुणाही त्याच वर्गात. यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी वैद्याकडे पाठवावे. ‘आधी चार दिवस बघू’ हे वाक्य येथे उच्चारूच नये.

शब्दांचा प्रवास उलट्या दिशेनेही होतो, आणि त्याकडे उपचारकांचे लक्ष कमी असते. रोगी ‘शीर धरल्यासारखी’ म्हणतो. त्यातील ‘सारखी’ हा शब्द फार मोलाचा आहे. उपचारक उत्तर देतो, ‘नस दबली आहे.’ उपमेचे विधान झाले. ‘दबणे’ हे क्रियापद ऐकताच मुलीच्या डोळ्यांपुढे दाराच्या फटीत सापडलेली तार उभी राहते. मग ती गुडघा वाकविण्यास भिते, आई जिना चढू देत नाही, आणि न वापरलेला पाय दोन महिन्यांत खरोखरच अशक्त होतो. ‘तुझ्या गुडघ्यावरची शीर मार लागून चिडली आहे, ती शांत होईल’ हे वाक्य अधिक सोपे आहे आणि अधिक खरेही. येथे ‘शीर’ऐवजी ‘मज्जातंतू’ म्हणण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही; मुलीला तो शब्द परका वाटेल, आणि तिच्या शब्दाने जे काम होते आहे ते थांबेल.

पुन्हा तपासताना तिला ‘बरे वाटते का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर सौजन्याने बहुधा ‘हो, मॅडम’ असेच येते. पहिल्या दिवशी तिने जे म्हटले ते तिच्याच शब्दांत, प्रत्ययांसह, देवनागरीत लिहून ठेवलेले असावे, आणि तेच तिच्यापुढे ठेवून एकेक विचारावे : पँट घासली तर अजून चरचरते का, गुडघा टेकला की सणक जाते का, आणि गेली तर कोठपर्यंत. सणक आधी नडगीच्या मध्यापर्यंत जात होती आणि आता वाटीखाली चार बोटांवर थांबते, असे तिने सांगितले, तर ती नोंद पत्रिकेवर तारखेसह करावी.